नाद, व्यसन आणि प्रेमकथा : राम जोशी ते 'कोल्हाट्याचं पोर'

1

नीरा आणि भीमा या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात इंदापूर तालुका येतो. कळस, निमगाव केतकी, सणसर ही त्यातली गावे. पश्चिमेला बारामती, भीमेपलीकडे करमाळा आणि पुढे सोलापूर. तुकोबांची पालखी याच पट्ट्यातून पंढरीला जाते आणि याच पट्ट्यातल्या गावयात्रांत तमाशाचे फड उभे राहत आले आहेत. एकाच गावाच्या वर्षात हरिनाम सप्ताह आणि ढोलकीची रात्र या दोहोंना जागा असते. परंतु गावाच्या नैतिक भूगोलात त्या दोन जागा सारख्या नसतात. सप्ताहातल्या गोडीला गाव 'छंद' म्हणते, फडाकडे ओढल्या जाणाऱ्या माणसाला मात्र 'नादी लागला' असे म्हणते. प्रस्तुत लेखाचा विषय या दोन शब्दांमधल्या अंतराशी निगडित आहे.

गायक, शाहीर किंवा वादक व्यसनात सापडतो, एक स्त्री त्याच्या आयुष्यात येते आणि ती त्याला बुडवते किंवा तारते, हे आशयसूत्र जगभरच्या लोकप्रिय कथनात रूढ आहे. अमेरिकेत डोरोथी बेकर यांची 'यंग मॅन विथ अ हॉर्न' ही कादंबरी 1938 साली आली. तिच्यातला जाझवादक मद्यामुळे संपतो. वाजवावेसे वाटते ते आणि वाजवता येते ते, यांमधली दरी त्याला पोखरते. जेम्स बाल्डविन यांच्या 1957 मधील 'सनीज ब्लूज' या कथेत हेरॉइनच्या विळख्यातून गेलेला पियानोवादक संगीतातच स्वतःला पुन्हा जुळवू पाहतो. या दोन्ही कृतींत संगीत आणि व्यसन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची टक्कर हा कथेचा विषय आहे. मराठी परंपरेत मात्र ही विभागणी मुळातच तयार नव्हती. येथे संगीत हेच आधी व्यसनांच्या यादीत होते. म्हणून कलावंताच्या व्यसनाची मराठी प्रेमकथा वाचताना 'तो व्यसनी का झाला?' यापेक्षा 'व्यसन कशाला म्हटले गेले?' हा प्रश्न अगोदर विचारावा लागतो.

2

'व्यसन' या शब्दाची कौटिल्याने दिलेली फोड अशी, की जे माणसाला श्रेयापासून दूर फेकते ते व्यसन. अर्थशास्त्रात कामातून उद्भवणारी व्यसने चार सांगितली आहेत : मृगया, द्यूत, स्त्रिया आणि मद्यपान. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात हीच यादी दहांवर जाते. मृगया, द्यूत, दिवसाची झोप, परनिंदा, स्त्रिया, मद आणि निरर्थक भटकंती यांच्या जोडीला तेथे 'तौर्यत्रिक' येते. तौर्यत्रिक म्हणजे नृत्य, गीत आणि वाद्य. या तिन्ही कला मद्याच्या शेजारी बसवल्या आहेत. चार व्यसने अधिक घातक असा भेद मनुस्मृती पुढे करते आणि त्या चारांत संगीत नाही, हे खरे. तरीही यादी एकच आहे.

या यादीकडे आपल्या विषयाच्या दृष्टीने पाहिले की एक गोष्ट डोळ्यांत भरते. व्यसनी कलावंताच्या प्रेमकथेची सारी सामग्री, म्हणजे गाणे, मद्य आणि स्त्री, या यादीत आधीच एकत्र आहे. यादी राजासाठी, म्हणजे सत्तावान पुरुषासाठी केलेली. तिच्यात स्त्री ही व्यसन करणारी व्यक्ती नाही, ती व्यसनाची वस्तू आहे. अर्थात ज्या कथेत गायक-नायक नाचणारीवर प्रेम करतो, त्या कथेपुढे एक अवघड काम असते : यादीतल्या एका नोंदीला माणूस करणे. हे काम कोणत्या कृतीने किती पार पाडले, हा निकष लावून मराठी परंपरेतील काही टप्पे पाहता येतील.

भाषेनेही हा गुंता जपून ठेवला आहे. 'नाद' म्हणजे ध्वनी, संगीताचे मूळ द्रव्य. आणि 'नाद' म्हणजे सुटता न सुटणारी ओढ. बाईचा नाद, बाटलीचा नाद, तमाशाचा नाद. 'छंद' म्हणजे वृत्त आणि छंद म्हणजे वेड. एका प्रसिद्ध शाहिराच्या 'फंदी' या नावातही फंदाची सूचना आहे. त्याच वेळी नादाला ब्रह्म म्हणणारी आणि नामाचा छंद मागणारी भक्तिपरंपराही हेच शब्द वापरते. कोणता नाद तारक आणि कोणता मारक हे शब्द सांगत नाही. ते ठरवावे लागते आणि ठरवणारा कोण, यावर पुष्कळ अवलंबून असते.

3

मराठीत हा निवाडा सर्वांत ठसठशीतपणे झाला तो बारामतीत, निदान परंपरेच्या सांगण्यानुसार. शाहीर राम जोशी (सुमारे 1762 ते 1812) हे सोलापूरच्या ब्राह्मण घराण्यातले. थोरले बंधू मुद्गल जोशी हे पुराणिक. धाकट्याला ओढ फडाची. घरातून दुरावल्यावर त्यांनी पंढरपुरात संस्कृत अध्ययन केले आणि पुढे कीर्तन व लावणी अशा दोन्ही प्रांतांत नाव मिळवले, अशी त्यांची पारंपरिक चरित्रकथा आहे. संस्कृताची जाण त्यांच्या लावणीत जागोजाग दिसते. शब्दचमत्कृती, यमकांची दाट वीण आणि बहुभाषिक रचना ही त्यांची वैशिष्ट्ये. विलासी आणि उधळ्या स्वभावाच्या आख्यायिकाही त्यांच्या नावाभोवती जमल्या आहेत.

मोरोपंत (1729 ते 1794) हे बारामतीकर नाईकांच्या आश्रयाने बारामतीत स्थिरावलेले पंडित कवी. राम जोशी यांची प्रतिभा पाहून पंतांनी त्यांचा गौरव केला, तिचा विनियोग तमाशात न करता कीर्तनात करावा असे सुचवले आणि शाहिराने ते मानले, असे सांगितले जाते. मोरोपंतांच्या आर्या कीर्तनातून लोकांपर्यंत पोहोचवण्यात राम जोशी यांचा वाटा मोठा होता, हे वाङ्मयेतिहासात सर्वमान्य आहे.

आख्यायिका म्हणून या प्रसंगाची घडण पाहण्याजोगी आहे. पंत राम जोशींना गाणे सोडायला सांगत नाहीत, गाण्याची जागा बदलायला सांगतात. डफ आणि ढोलकी जाऊन टाळ आणि मृदंग येतो, समोर फडाऐवजी देऊळ येते. नाद तोच राहतो, मात्र त्याचे पितृत्व बदलते. या कथेत व्यसनमुक्ती म्हणजे स्थलांतर आहे. तिच्यात दोन पुरुष आहेत, एक गुरू आणि एक शिष्य. ज्या स्त्रियांच्या गळ्यातून आणि पायांतून या लावण्या फडावर उभ्या राहत, त्यांचे काय झाले हे विचारायला या कथेत कोणी नाही. शाहीर तरला, फड मात्र मागे राहिला.

कालानुक्रमाची एक साधी अडचणही येथे नोंदवायला हवी. मोरोपंत वारले तेव्हा राम जोशी तिशीच्या थोडे पुढे होते आणि त्यानंतर ते आणखी सुमारे 18 वर्षे जगले. त्यांतली बहुतेक वर्षे दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीतली, म्हणजे लावणीच्या भरभराटीच्या काळातली. 'आधी तमाशा, मग उपदेश, मग कीर्तन' अशी सरळ रेषा आख्यायिकेला हवी असते. एकाच माणसाने एकाच काळात दोन्ही ठिकाणी गावे, ही शक्यता तिला पेलत नाही. कळससारख्या गावाला मात्र ती सहज पेलते. त्याच्या वर्षात दोन्ही रात्री असतात. पंडितांच्या परंपरेने जे पूर्वार्ध आणि उत्तरार्ध म्हणून मांडले, ते गावाने शेजारी-शेजारी ठेवले.

4

शंभर वर्षांनंतर 'एकच प्याला' या नाटकात याच सामग्रीची वेगळी वाटणी झाली. राम गणेश गडकरी 23 जानेवारी 1919 रोजी वारले. त्यानंतर महिन्याभरात, 20 फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास या नाटकाचा पहिला प्रयोग केला. सुधाकर हा वकील आहे, कलावंत नाही. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट भूमिकांच्या वाटपात आहे. सुधाकर गणपतराव बोडसांनी केला. ती मुख्यतः गद्याची भूमिका. सिंधू झाले बालगंधर्व आणि वि. सी. गुर्जर यांच्या पदांचा मोठा ठेवा सिंधूच्या वाट्याला आला. मद्य पुरुषाकडे गेले, संगीत पतिव्रतेकडे. यादीतल्या दोन शेजारणींची अशी फारकत झाल्यावर मध्यमवर्गीय प्रेक्षकाला गाण्याचा नाद निर्धास्तपणे करता आला. रंगमंचावर दारूचा धिक्कार चालू असताना प्रेक्षागृहात बालगंधर्वांच्या सुरांची धुंदी चढत होती आणि तिला व्यसन म्हणण्याची गरज कोणाला भासली नाही.

ही फारकत मोडली बोलपटाने. शरच्चंद्रांची 'देवदास' ही कादंबरी 1917 मधली. तिचा नायक गायक नव्हे. 1935 च्या हिंदी बोलपटात ती भूमिका कुंदनलाल सैगल यांनी केली आणि मद्य व गाणे एकाच कंठात आले. पिणारा गातो, आणि पितो म्हणूनच असे गातो, ही समजूत भारतीय लोकप्रिय कल्पनाविश्वात येथून खोल रुजली. प्रभातचा 1939 सालचा 'माणूस' हा व्ही. शांताराम दिग्दर्शित बोलपट 'देवदास'च्या पराभूत वृत्तीला दिलेले उत्तर म्हणून ओळखला जातो. त्याचा नायक साधा पोलीस शिपाई आहे आणि गाणे आहे मैनेकडे, देहविक्रय करणाऱ्या स्त्रीकडे. येथे यादीतली नोंद प्रथमच नाव आणि विनोदबुद्धी घेऊन बोलू लागते. तरीही जगण्याचा धडा मिळतो तो नायकाला. मैनेच्या वाट्याला तुरुंग येतो.

5

1947 साली राजकमलचा 'लोकशाहीर राम जोशी' आला. दिग्दर्शन बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम यांचे, लेखन ग. दि. माडगूळकरांचे, शाहीर झाले जयराम शिलेदार आणि बया झाल्या हंसा वाडकर. बारामतीच्या आख्यायिकेत जी स्त्री गैरहजर होती तिला या चित्रपटाने आणले आणि गुरुशिष्यांच्या कथेचे प्रेमकथेत रूपांतर केले. ब्राह्मण शाहीर, तमासगीर नायिका आणि त्याला दूर लोटणारा समाज असा त्रिकोण उभा राहिला. मराठीतल्या तमाशापटांची परंपरा ज्या मोजक्या चित्रपटांनी स्थिर केली, त्यांत हा एक.

याच चित्रपटाची हिंदी आवृत्ती निघाली तिचे नाव 'मतवाला शायर राम जोशी'. मराठी शीर्षक त्याला लोकांचा शाहीर म्हणते, हिंदी शीर्षक धुंद झालेला शायर म्हणते. एकाच चित्रकथेची ही दोन नावे त्या काळाच्या दोन अपेक्षा सांगतात. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरच्या मराठी प्रेक्षकाला या शाहिरात लोकपरंपरेचा पूर्वज हवा होता. हिंदीच्या व्यापक बाजारपेठेला ओळखीचा होता तो सैगलोत्तर गायक-नायक, म्हणजे मतवाला. नादाचे दोन अर्थ दोन भाषांनी वाटून घेतले.

या क्षणी शासनही तेच वर्गीकरण नव्याने करीत होते, हा योगायोग नव्हे. त्याच सुमारास मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली आणि नंतर सुधारणेच्या अटींवर ती उठवली. 1949 मध्ये मुंबई दारूबंदी कायदा झाला. नव्या राज्यकर्त्यांच्या नैतिक कार्यक्रमात मद्य आणि तौर्यत्रिक पुन्हा शेजारी आले. स्मृतिकारांच्या जागी कायदा आला आणि राजाच्या जागी नागरिक. तमाशाला जगायचे तर 'लोकनाट्य' व्हावे लागेल, अशी जी वृत्ती पुढे बळावली, ती बारामतीच्या उपदेशाचीच शासकीय आवृत्ती होती. गाणे चालेल, पण त्याने जागा बदलावी.

शांतारामांनीच 1972 मध्ये 'पिंजरा' केला. हाइनरिख मान यांची 1905 मधील कादंबरी आणि तिच्यावरचा 1930 मधील 'द ब्लू एंजल' हा जर्मन चित्रपट यांचा वारसा त्याला आहे. येथे तमाशाच्या नादी लागतो तो आदर्श शिक्षक, आणि तो फडाच्या आश्रयाने जगतो. 'राम जोशी' ते 'पिंजरा' या पंचवीस वर्षांत कथेची दिशा उलटली. आधीचा नायक मुळात कलावंत होता, म्हणून त्याची धुंदी क्षम्य होती. नंतरच्या नायकाकडे कला नाही, फक्त नाद आहे. कलेचे समर्थन काढून घेतले की प्रेमकथेखालची जुनी यादी उघडी पडते. चंद्रकला कितीही जिवंतपणे रंगवली तरी तिला चित्रपटाच्या शीर्षकाबाहेर पडता येत नाही.

6

'पिंजरा'च्या दोन वर्षे आधी, 1970 मध्ये, एक पुस्तक प्रसिद्ध झाले होते. ते या साऱ्या परंपरेचा पाया हलवते. हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' हे आत्मकथन आधी 'माणूस' साप्ताहिकातून आले, त्याचे शब्दांकन अरुण साधू यांनी केले. शीर्षक घेतले आहे अनंत माने यांच्या 1959 मधील तमाशापटाचे, ज्यात त्या स्वतः होत्या. हंसाबाईंनी 1941 मध्ये प्रभातची 'संत सखू' साकारली होती आणि 1947 मध्ये बया. म्हणजे कीर्तन आणि तमाशा या ज्या दोन ध्रुवांमध्ये राम जोशी यांची आख्यायिका ताणलेली आहे, ते दोन्ही ध्रुव या एका अभिनेत्रीच्या देहावर रेखले गेले होते.

या आत्मकथनात मद्य आहे, पुरुष आहेत, घराबाहेर पडणे आणि परतणे आहे. तरीही त्याला व्यसनी कलावंताची प्रेमकथा म्हणता येत नाही. का म्हणता येत नाही, याचा विचार केला तर त्या प्रकाराची अंतर्गत अट स्पष्ट होते. प्रेमकथेत व्यसनी पुरुषासमोर एक स्त्री उभी असावी लागते : बुडवणारी बया किंवा तारणारी सिंधू. हंसाबाई जेव्हा स्वतःच्या पिण्याबद्दल बोलतात तेव्हा त्यांच्यासमोर अशी तारणारी जागा रिकामी असते. त्यांना कीर्तनाकडे नेणारा कोणी मोरोपंत नाही. त्यांच्यासाठी घरी जाते दळत बसलेला कोणी पती नाही. व्यसनी पुरुषाला परंपरेने पतन आणि उद्धार असे दोन अंक दिले होते, व्यसनी स्त्रीला केवळ अपकीर्ती दिली. म्हणून हे कथन उद्धारापाशी संपत नाही, पश्चात्तापाचे प्रदर्शनही करीत नाही. ते सांगत राहते. यादीतली नोंद येथे कोणाच्या प्रेमाची वाट न पाहता स्वतःच माणूस होते. 1971 मध्ये हंसाबाई वारल्या. 1977 मध्ये श्याम बेनेगल यांनी या आत्मकथनाच्या आधारे 'भूमिका' हा हिंदी चित्रपट केला.

आनंद यादव यांच्या 'नटरंग' या कादंबरीने पुरुषाच्या बाजूने असेच एक पाऊल टाकले. तिचा नायक गुणा हा शेतमजूर, अंगाने कमावलेला, तमाशाने झपाटलेला. फड उभा करण्यासाठी त्याला नाच्या व्हावे लागते. व्यसनकथेत झिजते ते शरीर येथेही झिजते, पण मद्याने नव्हे, भूमिकेने. ज्या पुरुषत्वाच्या बळावर 'मतवाला' नायक क्षमेला पात्र ठरत होता, तेच गुणाला गमवावे लागते आणि मग गाव त्याला बाईला वागवावे तसे वागवू लागते. कलेचा नाद पुरुषाला यादीच्या दुसऱ्या बाजूला, वस्तूंच्या बाजूला, नेऊन ठेवतो. या कादंबरीची तीव्रता तेथे आहे. तिच्यावरच्या 2010 मधील चित्रपटाने ती पुष्कळ मोठ्या प्रेक्षकवर्गापर्यंत नेली.

7

शेवटी पुन्हा भीमेकाठी यावे लागते. इंदापूरच्या पैलतीरावर करमाळा तालुका. त्यातल्या नेरले गावचे किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' हे आत्मकथन 1994 मध्ये प्रसिद्ध झाले. तमाशात नाचणाऱ्या आईचा मुलगा, नावात बापाऐवजी आईचे नाव. या पुस्तकात 'नाद' हा शब्द कोणत्याही शाहिराच्या बाजूने उच्चारला जात नाही. फडावर दौलतजादा करणाऱ्या पुरुषाच्या मनात ज्याला प्रेमकथा म्हणतात, ती इथे चिरा उतरवण्याच्या व्यवहारातून, घरच्या पुरुषांच्या हिशेबातून आणि मागे राहिलेल्या मुलाच्या भुकेतून दिसते. बाई ज्याच्याबरोबर जाते त्याच्या दृष्टीने ती मोहिनी असेल. मुलाच्या दृष्टीने ती न येणारी आई आहे. प्रेमकथेला इतका वेळ जे पात्र लागले नव्हते ते येथे कथनकर्ता झाले आहे. त्याच्या जागेवरून पाहिले म्हणजे 'बाईने बुडवले की बाईने तारले' हा प्रश्नच गैरलागू ठरतो, कारण बुडालेल्यांच्या मोजदादीत ती बाई आणि तिचे मूल कधी धरलेच गेले नव्हते.

सोलापूर ते बारामती हा प्रवास राम जोशी यांच्या आख्यायिकेत उद्धाराचा प्रवास आहे. त्याच वाटेवरच्या नेरल्याचा मुलगा तोच प्रदेश उलट्या दिशेने वाचायला लावतो. मराठी वाङ्मयेतिहासाने शाहिरी काव्याच्या अभ्यासात लावणीची भाषा, वृत्ते, शृंगार आणि अध्यात्म यांची मीमांसा पुष्कळ केली. कवीच्या विलासीपणाविषयी कधी हळहळ, कधी कौतुकही केले. परंतु 'व्यसन' ही संज्ञा समीक्षेने बहुधा स्मृतिकारांकडून जशीच्या तशी उचलली. ती एक नैतिक निदान नसून वर्गीकरण आहे, गाणाऱ्या, नाचणाऱ्या आणि पिणाऱ्यांना एका रांगेत उभे करून त्यांतून एकालाच क्षमा करण्याची ती रीत आहे, याकडे पुरेसे लक्ष गेले नाही.

कलावंताच्या व्यसनाची प्रेमकथा ही या रीतीविरुद्धची तक्रार म्हणून सुरू होते आणि बहुतेक वेळा तिचीच अंमलबजावणी करून संपते. तिने बयेला आणले, मैनेला आणले, हे तिचे श्रेय. पण तिला लागणारी करुणा तिने एकाच पारड्यात टाकली. दुसरे पारडे भरले ते आत्मकथनांनी. म्हणून या दोन वाङ्मयप्रकारांचा अभ्यास यापुढे वेगवेगळ्या दालनांत होऊ नये. राम जोशी यांची लावणी शिकवताना हंसा वाडकरांचे पुस्तक त्याच मेजावर असावे आणि मोरोपंतांचा उपदेश सांगताना फडावर मागे राहिलेल्यांची नोंदही घेतली जावी. कळसच्या यात्रेत ढोलकी कडाडते तेव्हा गाव कोणाला नादी म्हणते आणि कोणाला रसिक म्हणते, हे ऐकून घेतल्याशिवाय त्या ढोलकीचा इतिहास पुरा होणार नाही.